धारकाच्या रकान्यात : कोल्हापूरचे मिशन, त्याची जमीन आणि तिचे कागद

कोल्हापुरात एखाद्या देवळाची जमीन कोणाची, असे विचारले तर माणसे फारशी अडखळत नाहीत. जमीन देवाची, कागद इनामाचा आणि कारभार पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीचा. १९६९ साली स्थापन झालेल्या या समितीकडे तीन हजारांहून अधिक देवळे आहेत. तिथेही कुळे आहेत, अतिक्रमणे आहेत, वहिवाटीची भांडणे आहेत. पण मालक कोण, हा प्रश्न मुळात सुटलेला आहे. आपल्या कायद्याने देवाला व्यक्ती मानले आहे, तीही कायमची अज्ञान व्यक्ती. अज्ञान मुलाच्या नावावर घर असावे आणि पालकाने ते सांभाळावे, तसा देव मिळकत धारण करतो आणि पुजारी किंवा पंच ती सांभाळतात.

हाच प्रश्न चर्चच्या बाबतीत विचारला की गाडी रुतते. येशू ख्रिस्ताचे नाव मिळकत पत्रिकेवर लागत नाही. तिथे कोणा तरी माणसाचे, मंडळाचे किंवा ट्रस्टचे नाव लागते आणि माणसे मरतात, मंडळे विलीन होतात, ट्रस्ट एकमेकांविरुद्ध कोर्टात उभे राहतात. भिंती तिथेच राहतात, घंटा दर रविवारी वाजते, आणि धारकाच्या रकान्यातले नाव मात्र कोणाच्याच ओळखीचे राहत नाही.

मी ख्रिस्ती नाही आणि इतिहासाचा पदवीधरही नाही. तरुणपणीची बरीच वर्षे एका दस्तलेखनिकाच्या टेबलाशी गेली. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, भाडेपट्टा यांचे मसुदे हाताखालून जाता जाता इमारतीकडे तिच्या कागदातून बघायची खोड लागली ती लागलीच. कोल्हापूरच्या चर्चबद्दल लिहिणारे बहुतेक जण धर्मांतराबद्दल लिहितात किंवा शाळा-दवाखान्यांबद्दल. जमिनीबद्दल कोणी लिहीत नाही. मला वाटते, अर्धी हकिकत तिथेच आहे.

चर्च ही स्थावर मालमत्ता आहे, ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. उलट आपल्याला ती फार जवळून ठाऊक आहे. गोव्यात सोळाव्या शतकात, १५४१ च्या सुमारास, तिसवाडीतली देवळे पाडली गेली तेव्हा त्यांच्या जमिनी पडीक ठेवल्या नव्हत्या. त्या जमिनींचे उत्पन्न नव्या धर्मकार्याकडे वळवण्यात आले. म्हणजे आधी उत्पन्न हस्तांतरित झाले आणि त्यावर इमारती उठल्या. तीनशे वर्षांनी याच गोष्टीची उलटी बाजू दिसली. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातले धर्मसंघ बरखास्त केले, मठांच्या मिळकती सरकारजमा झाल्या आणि जुन्या गोव्यातले प्रचंड सेंट ऑगस्टिन चर्च ओस पडले. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले. संघ उठल्यानंतर छत पडायला सात वर्षे पुरली. आज तिथे मनोऱ्याचा जो उंच तुकडा उभा आहे, त्याचे फोटो सगळे काढतात. त्या दगडाखालची जमीन कोणाच्या उत्पन्नावर उभी होती हे कोणी विचारत नाही.

परळला वेगळा प्रकार घडला. तिथे पोर्तुगीज पाद्र्यांचा मठ आणि चर्च होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ती मिळकत ताब्यात घेतली, पुढे तिथे मुंबईच्या गव्हर्नरचे निवासस्थान झाले, प्रार्थनेच्या जागेत नाचाचा दिवाणखाना झाला. १८९९ मध्ये प्लेगच्या लसीची प्रयोगशाळा तिथे आली. आपण ज्याला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो ती हीच वास्तू. मठ, महाल, प्रयोगशाळा. जागा चांगली असली की वापर बदलत राहतो.

आणि वसई. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर तिथल्या चर्चच्या घंटा हत्तीघोड्यांबरोबर देशावर आल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यातलीच, मेणवलीची आणि भीमाशंकरचीही. कायद्याच्या भाषेत घंटा ही जंगम. ती उचलून नेता येते, दुसऱ्या देवाच्या दारात टांगता येते, आणि ती तितक्याच इमानाने वाजते. जमीन मात्र नेता येत नाही. म्हणून जमिनीचे भांडण जागेवरच होते, आणि लांबते.

आता कोल्हापूर.

रॉयल गोल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये इथे आले. त्याआधी काही वर्षे ते अमेरिकन बोर्डाच्या मराठी मिशनमध्ये नगर-मुंबईकडे होते. ते आले तेव्हाचे कोल्हापूर समजून घ्यायला हवे. १८४४ चे गडकऱ्यांचे बंड मोडल्यानंतर संस्थानचा कारभार इंग्रज पोलिटिकल सुपरिंटेंडेंटच्या हाती गेला होता. गादी छत्रपतींची, पण दौत-लेखणी साहेबाची. १८५४ मध्ये मेजर ग्रॅहॅम यांचा कोल्हापूर संस्थानावरचा मोठा अहवाल छापून आला. तो चाळला की एक गोष्ट डोळ्यांत भरते : या मुलखात 'मोकळी' अशी जमीन फार थोडी होती. जहागीर, इनाम, वतन, देवस्थान, सरंजाम. प्रत्येक तुकड्यावर कोणाचा तरी पिढीजात हक्क. त्यात ज्याला ना जात, ना वतन, ना गावकी, अशा परक्या गोऱ्या माणसाने जागा मिळवायची म्हणजे काय, याचा विचार करा. विकत घ्यायची तर विकणाऱ्याचा हक्क पुरा आहे की नाही ते बघायचे, आणि दरबार व एजन्सी यांच्या मान्यतेशिवाय पुढे सरकायचे नाही. पेठांच्या आत, अंबाबाईच्या सावलीत, असे घर मिळणे अवघडच. म्हणून मिशनने जागा शोधायची ती गावाबाहेर, जिथे कोणाला फारसे राहायचे नव्हते तिथे.

वायल्डर हा माणूस वाकणारा नव्हता. शाळा काढाव्यात की नुसता उपदेश करावा, यावरून त्यांचे बोस्टनच्या बोर्डाशी बिनसले. बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन यांना इंग्रजी शाळांवरचा खर्च नको होता. वायल्डर यांचे म्हणणे, शाळेशिवाय हा मुलूख दार उघडणार नाही. वायल्डर अमेरिकेला परतले, तिथे त्यांनी हा वाद छापून मांडला, आणि १८६१ मध्ये कोणत्याही बोर्डाचे पाठबळ न घेता पुन्हा कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथेच जन्मला. तोच पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थी मिशनरी चळवळीचा जनक म्हणून नावाजला. १८७० मध्ये वायल्डर यांनी आपले मिशन न्यूयॉर्कच्या प्रेस्बिटेरियन बोर्डाच्या स्वाधीन केले. १८७५ मध्ये ते कायमचे गेले, १८८७ मध्ये वारले. न्यू शाहूपुरीतले वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्या नावाचे.

१८६१ ते १८७० या नऊ वर्षांकडे दस्तलेखनिकाच्या नजरेने पाहिले तर ती फार विलक्षण आहेत. या काळात कोल्हापूरचे मिशन म्हणजे एक माणूस. वर्गणी त्याने जमवलेली, पैसे देणारे त्याचे ओळखीचे, आणि बोलायचे झाले तरी त्याच्याच शब्दावर. १८७० ला हे सगळे एका परदेशी मंडळाकडे गेले. धर्माच्या इतिहासात याला मिशनचे हस्तांतर म्हणतात. माझ्या भाषेत ते मालकाचे पहिले नावपालट. इथे प्रार्थनेला येणाऱ्या मूठभर मराठी माणसांना त्यात पक्षकार म्हणून कोणी विचारले असेल असे मला वाटत नाही. पक्षकार म्हणून त्यांची गणती व्हायला अजून फार वेळ होता.

पुढे या मिशनचा विस्तार झाला. रत्नागिरी, पन्हाळा, १८८४ मध्ये सांगली, १८९२ मध्ये मिरज, मग कोडोली, वेंगुर्ले. मिरजेचे उदाहरण जमिनीच्या दृष्टीने चांगले. डॉक्टर विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये आले, १८९४ मध्ये मिरजेचे इस्पितळ उघडले. जागा मिरज संस्थानिकांनी दिली आणि इमारतीचा पैसा आला फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांच्याकडून, ज्यांचा धंदा आगगाडीची इंजिने बनवण्याचा. संस्थानिकाची जमीन, इंजिनवाल्याचा पैसा, मिशनचा डॉक्टर, आणि रुग्ण कृष्णाकाठच्या खेड्यांतले. एवढ्या हातांनी मिळून उभी राहिलेली वास्तू एकट्या कोणाची असे ठरवायला बसलात तर संध्याकाळ होईल.

'मिशन कंपाउंड' हा शब्द आपल्याकडे रुळला आहे. त्यात नुसते चर्च नसे. साहेबाचा बंगला, शाळा, मुलींचे वसतिगृह, शिक्षकांच्या खोल्या, विहीर, चिंचा-आंबे, एका कडेला दफनभूमी. हे एवढे पसारे का लागत? बाटल्यावर माणूस घरातून निघे, किंवा काढला जाई. वडिलार्जित मिळकतीवरचा हक्क धर्म बदलला म्हणून जाऊ नये, असा १८५० चा २१ वा कायदा इंग्रजांनी केला होता, पण तो कंपनी सरकारच्या मुलखाचा. कोल्हापूर संस्थान होते. इथे बाप्तिस्मा घेणाऱ्याला घर, बैते, बलुते, पाणवठा सगळे एकदम गमवायची भीती. त्याला कुठे ठेवायचे? कंपाउंडमध्ये. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये नगर-राहुरीकडच्या मिशनच्या आवारातले आयुष्य ज्यांनी वाचले आहे त्यांना याची कल्पना येईल. चर्चच्या भोवतीची ती मोकळी जागा म्हणजे सुटलेल्या घराच्या बदल्यात मिळालेले घर होते. फरक इतकाच की ते त्यांच्या नावावर नव्हते. शिक्षक म्हणून नोकरी तोवर खोली, बायबल-बाई म्हणून काम तोवर खोली. तिसऱ्या-चौथ्या पिढीची माणसे आजही अशा आवारांत राहतात आणि त्यांचा तिथे राहण्याचा हक्क नेमका कोणता, हे एका वाक्यात सांगणे वकिलालाही जड जाते. भाडेकरू? परवानगीने राहणारे? की वहिवाटदार? मी एका वयस्क बाईंना हे विचारले होते. त्या म्हणाल्या, "आम्ही चर्चची माणसं, दुसरं काय?" कायद्यात तसा रकाना नाही.

गावाबाहेरच्या या जागांचे पुढे काय झाले ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी व्यापारपेठ वसवली आणि गुळाच्या ढेपांबरोबर शहराचा तोल पूर्वेला सरकला. नंतर लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, नागाळा पार्क, ताराबाई पार्क. एकेकाळी गावाबाहेर म्हणून मिळालेले तुकडे आता स्टेशन आणि बाजार यांच्या मध्ये आले. मिशनने किंमत वाढावी म्हणून काही केले नव्हते. दरबारने रूळ टाकले, पेठ वसवली, आणि कंपाउंडच्या भिंतीआतली माती बसल्या जागी महाग झाली. महाराजांचे मिशनशी संबंध बरे होते. १९१५ मध्ये इतर जातिधर्मांच्या वसतिगृहांबरोबर इंडियन ख्रिश्चन वसतिगृहही त्यांच्या काळात निघाले. महाराजांनी जागा दिल्या त्या माणसे शिकावीत म्हणून. चौरस फुटाचा भाव तेव्हा कोणाच्या डोक्यात असेल असे दिसत नाही.

आता कागदाचा गुंता. तो जरा सावकाश वाचावा.

१९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले. कोल्हापूर भागाची मंडळी त्यात कोल्हापूर चर्च कौन्सिल म्हणून होती. म्हणजे उपासना आणि पाळकांच्या नेमणुका भारतीय कौन्सिलकडे आल्या, पण जमिनीच्या कागदांवर न्यूयॉर्कचे बोर्ड होतेच. तोंड एकाचे, सात-बारा दुसऱ्याचा, अशी ती स्थिती. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दरबारने दिलेल्या सगळ्या सनदांना नवा मालक भेटला. लगेच १९५० मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आला. देऊळ, मशीद, अग्यारी, चर्च, सगळ्यांनी धर्मादाय आयुक्तांकडे नोंद करायची, आपल्या मिळकतींची यादी द्यायची. तिकडे अमेरिकेतही स्वस्थता नव्हती. १९५८ मध्ये तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चचे विलीनीकरण होऊन परदेशी मिशनच्या जुन्या बोर्डाचे नाव आणि रूप दोन्ही बदलले. इकडे परदेशी मंडळांनी मिळकती भारतीय ट्रस्ट असोसिएशनांकडे सोपवाव्यात अशी प्रक्रिया चालू झाली. कुठे ती पुरी झाली, कुठे अर्धी राहिली.

मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. सहा पंथांची मंडळी एकत्र आली, त्यात युनायटेड चर्चही. धर्माच्या अंगाने हा मोठा क्षण होता आणि त्याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. पण विलीन कोण झाले? माणसे झाली, की मिळकतीसुद्धा? ठिकठिकाणी काही जण म्हणाले, आम्ही आलोच नाही, जुने चर्च अजून जिवंत आहे आणि इमारत त्याची आहे. एकाच बाकावर बसणारी घराणी दोन बाजूंना झाली. कोल्हापूर भागातल्या मिळकतींवरूनही असे वाद कोर्टात गेले.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारच्या वादात दोनदा बोलून ठेवले आहे, दोन्ही प्रकरणे गुजरातेतल्या ब्रदरन मंडळीची. २००५ मध्ये न्यायालय म्हणाले की असे प्रश्न आधी विश्वस्त कायद्याच्या चौकटीत सोडवा, थेट दिवाणी दावा चालणार नाही. २०१३ च्या निकालात मुद्दा आणखी स्पष्ट झाला : मंडळीने विलीन होण्याचा ठराव केला म्हणून तिच्या ट्रस्टची मिळकत आपोआप दुसऱ्या संस्थेकडे जात नाही, त्यासाठी कायद्यात सांगितलेली रीत पाळावी लागते. निकाल गुजरातचा, पण कायदा तोच जुना मुंबईचा, म्हणून तो आपल्यालाही लागू. मला हा निकाल पटतो. श्रद्धा ठरावाने एक होऊ शकते, खरेदीखत होत नाही. मात्र त्यातून निघालेला परिणाम असा की पन्नास वर्षे ज्यांच्या हाती किल्ली आहे त्यांचे नाव कागदावर असेलच असे नाही आणि ज्यांचे कागदावर आहे त्यांच्या घरात त्या चर्चमध्ये लग्न लागलेला माणूसही नसेल.

किल्ली असली तरी करता काय येते? त्याच विश्वस्त कायद्याचे ३६ वे कलम सांगते : धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय ट्रस्टची स्थावर मिळकत विकता, बदलता किंवा बक्षीस देता येत नाही, शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक मुदतीने पट्ट्याने देता येत नाही. मंजुरी मागायची तर व्यवहार ट्रस्टच्या हिताचा आहे हे दाखवायचे. आता ज्या ट्रस्टचे विश्वस्त कोण यावरच बदल-अर्ज पडून आहे, त्याने हित तरी कोणामार्फत दाखवायचे? परिणाम दोन. प्रामाणिक माणसाला मंगलोरी कौले बदलण्यासाठीसुद्धा पैसा उभा करता येत नाही, कारण वादातली मिळकत तारण घेणार कोण. आणि अप्रामाणिक माणसाला अकरा महिन्यांचे करार पुन:पुन्हा करून रस्त्याकडेची बाजू गाळ्यांना देणे सोपे जाते. हे चर्चपुरते नाही. देवळांच्या ओवऱ्यांत, दर्ग्यांच्या कडेला हीच कथा आहे.

महापालिकेचा कर हा आणखी एक आरसा. कायदा असा की निव्वळ सार्वजनिक उपासनेसाठी वापरात असलेल्या इमारतीला सर्वसाधारण कर माफ. पण तिच्यातून भाडे येऊ लागले की त्या भागाची माफी गेली. एकाच भिंतीच्या आत वेदीपासून दारापर्यंत देवाची जागा आणि दाराबाहेरचा पत्र्याचा गाळा ही बाजाराची. कर आकारणी करणारा कारकून टेपने जी रेघ ओढतो, तिच्याइतकी स्वच्छ रेघ धर्मशास्त्रातही मिळणार नाही.

युरोपात लोक चर्चमध्ये जायचे थांबले म्हणून इमारती विकल्या जातात. हॉलंडमध्ये मास्ट्रिख्टच्या तेराव्या शतकातल्या डोमिनिकन चर्चमध्ये आज पुस्तकांचे दुकान आहे. लंडनच्या ब्रिक लेनवर १७४३ मध्ये फ्रेंच निर्वासितांनी बांधलेले प्रार्थनाघर आधी मेथडिस्टांकडे गेले, १८९८ मध्ये ज्यूंचे सिनेगॉग झाले, १९७६ पासून तिथे मशीद आहे. आपल्याकडचा प्रश्न नेमका उलटा. इथे बाके भरलेली आहेत. नाताळात न्यू शाहूपुरीच्या रस्त्यावर उभे राहायला जागा नसते. माणसे आहेत, जागाही आहे, दोघांना जोडणारा कागद तेवढा विरला आहे. त्यामुळे 'जुने चर्च मोडकळीस आले, विकास करू, वर फ्लॅट आणि खाली नवे सभागृह' असे कोणी सुचवले की तरुणांना ते पटते आणि म्हाताऱ्यांच्या पोटात गोळा येतो. माझे मत म्हाताऱ्यांच्या बाजूचे आहे. कारण साधे : जोवर मालकीचा निकाल लागत नाही तोवर अशा व्यवहारात मंडळीच्या पदरात काय पडेल हे सांगणारा कोणी नसतो, आणि गेलेली जमीन परत येत नाही.

पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरीची टेकडी मी म्हणूनच मुद्दाम बघायला जातो. तिथेही चर्च आहे, अँग्लिकन परंपरेतले. १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी याच टेकडीवर उत्खनन केले, तेव्हा खाली सातवाहन काळातली वस्ती निघाली. रोमन सागरदेवतेची, पोसायडनची, छोटी कांस्यमूर्ती इथलीच. ती आता टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांत या मातीचे किती धारक झाले ते कोणी लिहून ठेवलेले नाही. निदान गेल्या पावणेदोनशे वर्षांचे तरी लिहून ठेवता येईल. दरबारचे मोडी कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. मिशनऱ्यांची पत्रे फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन हिस्टॉरिकल सोसायटीत, जिची स्थापना योगायोगाने १८५२ चीच. पण या दोन्हींत न सापडणारी तिसरी गोष्ट घरोघरी आहे : शिक्षकाच्या खोलीची भाडेपावती, दफनभूमीतल्या जागेची चिठ्ठी, वर्गणीची वही, कौन्सिलने कोणाच्या आजोबांना लिहिलेले पोस्टकार्ड. कोल्हापूर, कोडोली, पन्हाळा, मिरज, सांगली, वेंगुर्ले भागातल्या कोणाच्या पेटीत असे काही असेल तर ते कृपया टाकून देऊ नये. मूळ कागद घरातच राहू द्यावा. मोडी असेल तर मी वाचून देईन, आणि एक प्रत मंडळीच्या कपाटात ठेवून द्यावी, दिनांक घालून.